टाकीवरचा तारा

लाइट गेली आणि आमची लेक आनंदाने ओरडली. अशा वेळी बाकीचं जग मेणबत्ती शोधतं, ही गच्चीची किल्ली शोधत होती. "आई, बाबा, वर चला! सगळीकडची गेलीय, आता तारे दिसतील!" घरात आम्ही तिला प्रश्नपत्रिका म्हणतो, कारण ती तोंड उघडते ती प्रश्न विचारायलाच. त्या आठवड्यात शाळेत ताऱ्यांचा धडा झाला होता, त्यामुळे आता ती उत्तरंही द्यायला लागली होती. ते जास्त तापदायक होतं.

आमचे हे कापड कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर. संध्याकाळची पाळी सुटली की शिवणखात्यातल्या बायकांना घरोघरी सोडायचं, हे त्यांचं काम. मीही त्याच खात्यात, पण सकाळच्या पाळीला. बस काढायला अजून वेळ होता, म्हणून हे घरी होते.

"शहरात कुठले आलेत तारे?" हे कुरकुरले. "दिव्यांनी कधीच खाऊन टाकले." हे वाक्य ते गेली कित्येक वर्षं म्हणत आलेत. त्यात खोटं काही नव्हतं, सगळेच म्हणतात.

जिना चढताना त्यांनी माझा खांदा धरला. मला बरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपणहून खांदा धरला, तर बाई कशाला कारण विचारेल?

गच्चीवर लेकीने वर्ग भरवला. "तारे दिवसापण तिथेच असतात, माहितीये? सूर्याचा उजेड हवेत पसरतो, सगळं आभाळच उजळतं, आणि त्यात ते बिचारे हरवतात. शहरातले दिवेपण तेच करतात. पण लगेच दिसणार नाहीत हं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. कोणी मोबाइल लावायचा नाही!"

आम्ही गुमान बसलो. आधी तीन-चार ठळक दिसले. मग त्यांच्या मधल्या जागा भरायला लागल्या. बघता बघता डाळीचा डबा सांडल्यासारखं झालं. "अगं बाई, एवढे होते इथे?" मी म्हणाले.

"बाबा, तुला दिसले?"

"दिसले की."

"मग सगळ्यात मोठा कुठला, सांग."

ह्यांनी हात वर केला, थोडा फिरवला आणि एका जागी थांबवला. "तो काय, तो."

लेक खो खो हसली. "बाबा! ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे!"

"काय अकलेचे तारे तोडताय अहो," मीही हसले. "नीट बघा की."

"ढग आलेत तिकडे," हे म्हणाले.

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. माझं हसू तोंडातच राहिलं. ह्यांचं अंधार पडायच्या आधीच घरभर दिवे लावत फिरणं, बाजूला ठेवलेला पेला हाताने पाडणं, हे सगळं एकदम आठवलं. गेल्या महिन्यात ह्यांच्या बसखाली एक सायकल चेपली होती. सायकलवाला टपरीवर चहा पीत होता म्हणून वाचला. 'बिनदिव्याची सायकल' म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

लेकीला मी दाराला कुलूप लावायला खाली पिटाळलं.

"खरं सांगा. एक तरी दिसतो?"

ह्यांनी पुन्हा एकदा वर बघितलं, डोळे चोळले. मग म्हणाले, "नाही."

"कधीपासून?"

"कसं सांगू? सगळे म्हणायचे, शहरात तारे दिसत नाहीत. मलाही दिसत नव्हते. मला वाटलं, सगळ्यांचं तेच माझं."

"आणि रस्ता?"

"दिव्याखाली दिसतो. पुलाच्या पुढे दिवे नाहीत, तिथे पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे जातो. रस्ता पाठ आहे गं मला."

"आणि पुढे गाडी नसली तर?"

"तर हळू जातो."

मला इतका राग आला की त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि इतकं वाईट वाटलं की हात उचलवेना. सकाळी मी ज्या मशीनवर बसते, तिथे संध्याकाळी एक सात महिन्यांची पोटुशी बसते. ह्यांच्या बसमध्ये ती पहिल्याच बाकावर असते.

हे उठले. "निघतो. बायका गेटवर खोळंबतील."

"आज नाही. आज अख्ख्या रस्त्याला दिवे नाहीत."

"दुसरा ड्रायव्हर मागितला तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की लायसन गेलं. मला दुसरं काय येतं, सांग ना!"

बसची किल्ली त्यांच्या हातात होती. मी ती ओढून घेतली. माझा हात येताना त्यांना दिसलाच नाही.

मी सुपरवायझरला फोन लावला. बस न्यायला दुसरं कोणीतरी पाठवा, मी म्हणाले. "का? बरं नाही का त्यांना?" त्याने विचारलं. ताप म्हणता आलं असतं. पण मग उद्या पुन्हा हेच, परवा पुन्हा हेच.

"त्यांना रात्रीचं दिसत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे आज?"

"नाही. रोजच."

हे कठड्याला टेकून खाली बसले. मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. तेही केलं नाही.

तेवढ्यात लाइट आली. गच्च्यागच्च्यांवरून एकच ओरडा झाला. लेक धापा टाकत वर आली आणि आभाळाकडे बघून हिरमुसली. "शी! गेले सगळे."

"तुला आता किती दिसतात?" ह्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"मलाही नाही," हे म्हणाले.

लेकीला वाटलं, दोघांचं दुःख एकच आहे. ती त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.