जेसोच्या ब्रशाचा संशय

ओळखलंत का मला? नाही ना? वाटलंच! टोकाचे केस पिंजारलेले, दांडीवरचा हिरवा रंग उडालेला, पत्र्याच्या टोपीला पोचा आलेला. अशा जुन्या ब्रशाला कोण ओळखणार? पण मित्रांनो, मला हातात घेण्याआधी तुमचे हात दाखवा पाहू. स्वच्छ आहेत ना? राग मानू नका, माझा स्वभावच संशयी आहे. त्या स्वभावाने मला कसं तोंडघशी पाडलं, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रत्नागिरीतल्या एका दुकानातून श्रद्धाने मला विकत घेतलं, तेव्हा ती शाळेत होती. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिने माझ्याच केसांनी आभाळ रंगवलं आणि तिला 'ए' ग्रेड मिळाली. सगळ्यांनी शाबासकी तिला दिली. मला कुणी चकार शब्दाने काही म्हटलं नाही. तेव्हापासून माणसांवर माझा विश्वास जरा कमीच.

पुढे श्रद्धा पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि मी सहा वर्षं खणात पडून राहिलो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावातल्या घरात उरले एकटे आप्पा, तिचे वडील. आप्पा बोटीवर ऑइलर होते, म्हणजे इंजिनाला तेल घालणारे. बोटीवरची नोकरी सुटली तरी हाताची सवय सुटली नाही. इथली हवा खारी, लोखंड बघता बघता गंजतं. त्यामुळे मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, जवळ आला की आप्पा तेलाची वाटी घेऊन घरभर फिरायचे. कड्या, कोयंडे, विळी, कोयती, सायकलची साखळी, काही म्हणजे काही सुटायचं नाही.

यंदा मे महिन्यात श्रद्धा रजा घेऊन आली. रत्नागिरीत एक नवं संग्रहालय उघडणार होतं. तिथे काचेच्या पेटीत हर्णे बंदरावरचा मासळीचा लिलाव मांडायचा होता, सगळी माणसं बोटभर उंचीची. नमुन्याच्या सहा बाहुल्या रंगवून बुधवारी दाखवायच्या. पसंत पडल्या तर सगळं काम श्रद्धाचं आणि ती कायमची घरी राहणार. नाही तर पुन्हा पुणे. आप्पा तोंडाने म्हणायचे, "तुझं बरं होईल तिथं जा, बाय." पण रोज उठल्यावर आधी कॅलेंडर बघायचे.

श्रद्धाने मला खणातून काढलं आणि मी हरखलो. वाटलं, पुन्हा आभाळ! कसलं आभाळ? तिने मला दाट पांढऱ्या जेसोत बुचकळलं. जेसो म्हणजे रंगाआधी लावायचं अस्तर. भिंतीला रंगाआधी पुट्टी लावतात ना, तसंच. गुळगुळीत बाहुलीवर रंग टिकत नाही, जेसोवर टिकतो. लावताना बाहुलीचं नाक, डोळे, टोपलीतली मासळी सगळं त्या लेपात गडप झालं. 'ही पोर काम बिघडवतेय,' मी मनात म्हटलं. पण वाळता वाळता जेसो आक्रसला, अंगाला घट्ट बसला आणि टोपलीतल्या बांगड्याचं शेपूटसुद्धा पुन्हा दिसायला लागलं. ही पहिली बाहुली फक्त सरावाची होती.

तेवढ्यात तिचा चुलतभाऊ सुजय अस्तराच्या फवाऱ्याचा डबा घेऊन आला. "ताई, कशाला घासत बसतेस? हा मार, दोन मिनिटांत काम फत्ते."

"इथल्या दमट हवेत फवारा खरखरीत बसतो रे," श्रद्धा म्हणाली. "मला ब्रशच बरा."

सुजय हसला आणि डबा तिथेच ठेवून गेला. कशाला ठेवला? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शेजारी एक नवा बारीक ब्रशही होता, तो तर दिवसभर माझ्याकडे बघत होता. जेसोच्या बाटलीचं झाकणही सैल वाटत होतं. त्या टेबलावर विश्वास ठेवण्याजोगं कुणी नव्हतं.

होते ते फक्त आप्पा! शुक्रवारी तेलाची वाटी घेऊन ते फिरत आले, मला उचललं आणि माझ्या केसांना खोबरेलाचे दोन थेंब चोळले. "किती कोरडा झालायस रे," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझे लाड केले होते. मला रडूच आलं.

शनिवारी श्रद्धाने घाईघाईने मला पाण्यात बुडवून पाच माणसांना जेसो लावला. सहावं होतं मासळीवर डोळा ठेवून बसलेलं मांजर. ते इवलंसं, म्हणून त्याला नव्या ब्रशाने लावला.

रविवारी सकाळी श्रद्धा किंचाळली. लिलाव पुकारणाऱ्याच्या कपाळावर भोकंच भोकं! कोळणीच्या पाठीला नख लावलं तर सालपटच निघालं. पाचही बाहुल्यांची तीच गत.

"बाटलीच खराब निघाली," ती रडवेली होऊन म्हणाली. "नवी मागवायची तर आठवडा जाईल. आप्पा, बुधवारचं जमत नाही. जाते मी पुण्याला."

आप्पा मटकन खुर्चीत बसले. मी मात्र आतल्या आत ओरडत होतो, 'त्या सुजयला विचारा! त्या नव्या ब्रशाला धरा!'

श्रद्धाची नजर मांजरावर गेली. तिने नखाने खरवडून पाहिलं. जेसो जागचा हलला नाही. "बाटली तर तीच होती," ती पुटपुटली. मग तिने मला उचललं आणि नाकाशी धरलं.

"आप्पा, ह्याला खोबरेलाचा वास येतोय."

"मीच लावलं गो. सगळ्यालाच लावलं, म्हटलं ह्यालाही..."

"तेलावर जेसो धरत नाही, आप्पा."

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे तुला मीच घालवली?"

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! साऱ्या टेबलावर संशय घेतला, आणि चोर माझ्याच केसांत बसला होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

श्रद्धा म्हणाली, "अजून गेले नाही मी. भांड्यांचा साबण आणा."

आप्पांनी जुन्या टूथब्रशने एकेक बाहुली घासली. मला तीनदा साबणाने धुतलं आणि प्रत्येक वेळी दोघांनी आळीपाळीने हुंगलं. मला वाटलं, आता काम नव्या ब्रशालाच मिळणार. पण श्रद्धाने मलाच उचललं. संध्याकाळपर्यंत पाचही बाहुल्यांवर जेसो घट्ट बसला, आणि पुढचे दोन दिवस ती रंग देत राहिली.

बुधवारी दुपारी ती परत आली आणि दारातूनच ओरडली, "आप्पा, सगळा लिलाव आपला!" आप्पांनी डोळे पुसले आणि डोळ्यांत घाम गेल्याचं सांगितलं. माझा विश्वास बसला नाही.

मित्रांनो, ब्रश वापरला की लगेच साबणाने धुवा, जेसो वाळू देऊ नका. लाड करायचे असतील तर आधी विचारा, नेमकं काय हवंय. आणि संशय आलाच, तर पहिल्यांदा आपलेच केस हुंगून बघा.

गुरुवारी सकाळी आप्पा उठले. कॅलेंडरकडे त्यांनी पाहिलंच नाही. तेलाची वाटी घेऊन माझ्यापाशी आले, थबकले आणि आत हाक मारली, "बाय गो, ह्याला काय लावू?"

आतून श्रद्धाचं उत्तर आलं, "काही नको, आप्पा!"