डावऱ्या हाताचं टेबल

घरात दुसरं मूल नसतानाही तिला सगळे धाकटी म्हणत. थोरलं अपत्य म्हणजे दुकान, असं बाबांचं गणित होतं. हे दुकान नावांच्या पाट्या कोरण्याचं. डॉक्टर, वकील, नव्या घरात शिरलेली जोडपी, सगळ्यांची नावं तिथे पितळेवर चढत. बाबा गेले आणि या थोरल्याचं करायचं काय, हा प्रश्न मामाने आठवड्याभरातच उकरून काढला.

"ताई, मशीन विकून टाक. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तुला तो कॉम्प्युटर झेपायचा नाही."

"एक पाटी एकटीने कोरून बघते," आई म्हणाली. "नाही जमली तर मशीन तुझ्या गिऱ्हाइकाचं. जमली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

आज दुपारी मामा त्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार होता. पाटी होती दातांच्या डॉक्टरीणबाईंची.

बाबांना कॉम्प्युटरवरची बारीक नावं वाचायचा भारी कंटाळा. म्हणून त्यांनी आपल्या कामाच्या टेबलाचा वरून फोटो काढवून घेतला, तोच पडद्यावर लावला आणि एकेक आयकॉन ज्याच्या त्याच्या जागी नेऊन ठेवला. करायच्या पाट्यांचं फोल्डर पत्र्याच्या ट्रेवर, झालेल्या पाट्यांचं पुसायच्या फडक्यावर, कोरायचा प्रोग्रॅम कानशीवर, आणि कचऱ्याची टोपली फोटोतल्या टोपलीवर. शेजारी बसून आईही तेच शिकली. फोल्डर म्हटलं की ती गोंधळे, ट्रे म्हटलं की हात बरोबर जाई.

असे पडदे मांडून देणं हा तर धाकटीचा पोटापाण्याचा धंदा. आईच्या डोळ्यांना ताण नको म्हणून तिने सकाळीच जुना चौकोनी मॉनिटर काढून नवा रुंद लावला. त्यावर फोटो ऐसपैस पसरला, आयकॉन मात्र आपापल्या जागी बसून राहिले. हे तिने पाहिलंच नाही, कारण ती तारा आवरायला टेबलाखाली शिरली होती.

"टाकली ट्रेत," वरून आईचा आवाज आला.

"काय टाकलंस?"

"डॉक्टरीणबाईंची पाटी. अक्षरं मांडून झाली. आता मशीन लावते."

धाकटी बाहेर आली. फोटोतल्या ट्रेवर आता कचऱ्याची टोपली बसलेली होती.

"आई, तू डॉक्टरीणबाईंना कचऱ्यात टाकलंस."

"मी ट्रेतच टाकलं. ट्रे कुणी पळवला ते तू बघ."

पाटी टोपलीतून परत काढणं धाकटीच्या डाव्या हातचा मळ. तिने फोटो जुन्या मापात आणला आणि एकेक आयकॉन पुन्हा वस्तूंवर बसवायला घेतला. फोटोच्या उजव्या कडेला बाबांची बाही होती, कोपरापर्यंत. फोटो काढायला आई स्टुलावर चढली होती, आणि ती 'हात काढा, हात काढा' म्हणत असताना त्यांनी मुद्दाम काढला नव्हता. बाहीजवळ धाकटीचा माऊस थबकला.

"अगं, राहू दे," आई म्हणाली.

"झालंच. अगदी होतं तसं करून देते."

"होतं तसं नकोच आहे मला. ते उजव्या हाताचं टेबल. मी डावरी. इतकी वर्षं सगळं उलटं धरून काम केलं. खरं टेबल मी कधीच माझ्या हाताला येईल असं मांडून घेतलंय. तुला दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं. ट्रे डावीकडे गेला होता, फडकं आईच्या पुढ्यात आलं होतं, कानशी बरणीत उभ्या होत्या. बाबांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावूनच ती या खोलीत आली होती, आणि नजरेनेही तिने त्या जुन्या जागीच ठेवल्या होत्या.

"मग बाबांचा हा फोटो?"

"तू ने. तुझ्याकडे लाव. त्या हाताला धक्का लागेल म्हणून मी माऊस जपून फिरवते. असं कुठे काम होतं का?"

धाकटीने फोटो आपल्या फोनमध्ये घेतला. मग ती स्टुलावर चढली.

"आई, तुझी बोटं येताहेत."

"काढते. मला नाही दिवसभर माझाच हात बघायचा."

धाकटीने माऊसची बटणं डाव्या हातासाठी बदलून दिली आणि नवा फोटो लावला. बाही पडद्यावरून गेली. आतून काहीतरी निखळेल, असं तिला वाटलं होतं. पण आईने तिला ढकलून खुर्ची घेतली, त्यामुळे तेवढी सवडच मिळाली नाही. आयकॉन आई स्वतः बसवत होती. टोपली तिने पार वरच्या कोपऱ्यात नेली.

"टोपली खाली असते," धाकटीला राहवलं नाही.

"खाली तू असतेस. वरचं मी बघते."

मामा आला तेव्हा मशीन कुरकुरत होतं आणि डॉक्टरीणबाईंचं आडनाव निम्मं कोरून झालं होतं. मामाने मशीनकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि सवयीने सोबतच्या माणसाला म्हणाला, "बघा, अगदी चालू स्थितीत आहे."

"आणि तसंच राहणार आहे," आई म्हणाली. मग त्या माणसाकडे वळून, "तुमच्या दुकानाला पाटी आहे का?"

"आहे तशी. रंग उडालाय."

"बसा. नाव सांगा."

गिऱ्हाइकाने मामाकडे पाहिलं आणि स्टूल पुढे ओढलं. मामा उभाच होता. आईने डावा हात माऊसवर ठेवला, आणि ट्रेत एक नवी पाटी उघडली.