शंभरपैकी अठ्ठ्याण्णव

ज्ञानाचा भार समाजाच्या खांद्यावर असतो, असं पाठ्यपुस्तक भांडाराच्या फाटकावर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. प्रत्यक्षात तो एका पिकअपच्या चार टायरांवर होता, आणि त्यातले मागचे दोन गोटा झाले होते. हाताला खाच लागत नव्हती.

टायर निवड समितीची बैठक साहेबांच्या केबिनमध्ये साडेअकराला सुरू झाली. समितीत तिघं होते: साहेब, भांडारपाल बाई आणि बिस्किटांसाठी आलेले हेडक्लार्क. तिघांपैकी कुणालाही गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे निवड निःपक्षपाती होणार यात शंका नव्हती. ज्याला येत होती तो ड्रायव्हर दाराशी उभा होता, कारण खुर्च्या तीनच होत्या. भांडारात त्याला सगळे काका म्हणत. साहेबही म्हणत, फक्त साहेबांच्या तोंडून ते हुद्द्यासारखं ऐकू येई.

टेबलावर टायरांची रंगीत पत्रकं पसरली होती.

"काका, हा बघा," साहेब म्हणाले. "नक्षी काय सुंदर आहे. आणि आवाज अजिबात नाही म्हणे."

काकांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि बारीक अक्षरं वाचली.

"साहेब, हा कारचा टायर आहे."

"साइझ तीच आहे ना?"

"साइझ तीच आहे. ताकद ती नाही. इथं लिहिलंय बघा, अठ्ठ्याण्णव."

"मग? अठ्ठ्याण्णव काय वाईट आहेत?" साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा मुलगा नुकताच ब्याऐंशी टक्क्यांवर थांबला होता, म्हणून त्यांनी नजर खाली घातली. "शंभरपैकी अठ्ठ्याण्णव म्हणजे अगदी वरच्या श्रेणीतला माल झाला."

"ते मार्क नाहीत साहेब. तो वजनाचा नंबर आहे. अठ्ठ्याण्णव म्हणजे एक टायर साडेसातशे किलो उचलतो. भरल्या गाडीत आपल्या मागच्या एकेका टायरवर अकराशे येतात. आपल्याला एकशेबारावाला पाहिजे. तो माल वाहायच्या गाडीचा असतो. त्याची बगल, म्हणजे बाजूची भिंत, जाड असते, वाकत नाही."

"एकशेबारा?" हेडक्लार्क बिस्किट हातात धरून म्हणाले. "शंभरपैकी एकशेबारा कसे पडतील?"

यावर सगळे हसले. काकाही हसले असते, पण त्यांना त्या टायरांवर बसायचं होतं.

"किमतीत फार फरक नाही साहेब. मी दुकानात विचारून आलोय."

"प्रश्न किमतीचा नाहीच काका. प्रश्न नियमाचा आहे." साहेबांनी एक जुनी पुस्तिका उघडली. "वाहतूक वर्गीकरण. जड माल: लोखंड, सिमेंट, दगड. हलका माल: कापूस, रिकामी खोकी, कागद. आपण काय वाहतो?"

"पुस्तकं."

"पुस्तकं कशाची असतात?"

साहेबांनी फाइलमधला एक कोरा कागद काढला, टेबलावर उंच धरला आणि सोडून दिला. पंख्याच्या वाऱ्यावर तो दोन गिरक्या घेऊन हेडक्लार्कांच्या बशीत उतरला.

"बघा," साहेब म्हणाले. "याला तुम्ही जड म्हणता."

सव्वीस वर्षं काका हा कागद वाहत होते. त्यांच्या माहितीचा कागद कधी गिरक्या घेत नसे. तो सुतळीने करकचून बांधलेल्या पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत यायचा आणि हौद्यात पडताना दगडासारखा आवाज काढायचा. पहिलीची बाराखडी हलकी. दहावीचं विज्ञान उचलताना कमरेत चमक यायची. गाडी किती भरली हे ते मागच्या टायरच्या फुगलेल्या पोटावरून सांगत, आणि त्यांचा अंदाज वीस किलोच्या वर चुकत नसे. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी डोंगरापलीकडच्या एकोणचाळीस शाळांना पुस्तकं पोचवणं हे त्यांचं काम. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सात किलोमीटरचा सलग उतार होता. तिथं ब्रेकइतकीच टायरची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेत अठ्ठ्याण्णव मिळवून कुणी पास होत नाही.

काकांच्या आधी भांडाराची गाडी चालवणारा माणूस तिथेच गेला होता. मागचा डावा टायर तापून फुटला. चौकशी अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहून आलं आणि त्याच्या बायकोला पेन्शनसाठी सहा वर्षं याच केबिनच्या बाहेर बाकावर बसावं लागलं. त्या बाकावरून उठून ती घरी जायला निघाली की काका तिला रिक्षापर्यंत सोडायला जात. टायरबद्दल काकांचे जे काही आग्रह होते, ते त्या बाकावर तयार झालेले होते.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली, आणि कार्यालयात याहून मोठा गुन्हा नाही. जवळच्या शाळांची खेप भरून झाल्यावर ते गाडी वजनकाट्यावर घेऊन गेले. परत येताना रिकामी गाडीही काट्यावर घातली. भरलेली चौतीसशे साठ, रिकामी सतराशे ऐंशी. दोन्ही पावत्या त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

"सोळाशे ऐंशी किलो कागद आहे, साहेब."

साहेबांनी पावत्या उलटसुलट पाहिल्या.

"काट्यावर न्यायला परवानगी कुणी दिली?"

"वाटेतच आहे काटा."

"वाटेत सिनेमाचं थिएटरही आहे काका. शिवाय या पावतीवर नुसतं 'माल' लिहिलंय. कागद कुठे लिहिलंय?"

"मी भरलाय ना तो माल. माझ्या हातांनी."

"तुमचे हात रेकॉर्डवर नाहीत," साहेब म्हणाले. हे ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

आठवड्याने टायर आले. बसवताना टायरवाल्याने अंगठ्याने बगल दाबली आणि ती आत गेली. त्याने वर पाहिलं.

"काका, लग्नाला जायची गाडी आहे का ही?"

"समितीने निवडलेत."

"समितीला पण हौद्यात बसवा मग. वजन तरी कळेल." त्याने बिलाच्या मागे स्वतःहून लिहून दिलं, 'माल भरू नये', आणि खाली सही केली. ते बिल कार्यालयात गेल्यावर पुढची बाजू फाइलला लागली. मागच्या बाजूला गोंद होता.

संध्याकाळी काकांची बायको खिडकीशी बसून शिवणयंत्रावर गादीचे अभ्रे शिवत होती. काका तिच्यासमोर येरझारा घालत होते.

"अहो, बसा बघू. माझी शिवण वाकडी जातेय."

"सोमवारी भरायला सांगितलंय. डोंगरापलीकडची खेप."

"मग सावकाश न्या. चार महिने तर राहिलेत तुमच्या नोकरीचे."

"सावकाश चालवल्याने वजन कमी होतं का?"

"माझं तर कशानेच होत नाही," ती म्हणाली. मग तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "खरंच फुटेल तो?"

"भरून नेला तर त्या उतारावर फुटेल. आणि मग तू त्या बाकावर बसशील."

तिने दातांनी दोरा तोडला. अभ्र्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"मी नाही बसणार बाई त्या बाकावर," ती म्हणाली. "त्याला पाठ पण नाही."

सोमवारी गाडी गळ्यापर्यंत भरून उभी होती. टायर खाली इतके पसरले होते की चाकं जमिनीवर नव्हे, उशांवर ठेवल्यासारखी वाटत होती. भांडारपाल बाई याद्या घेऊन उभ्या होत्या. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चावी त्यांच्या याद्यांवर ठेवली.

"अर्धा माल उतरवा ताई. दोन खेपा करतो. आजच करतो, जेवायला पण थांबत नाही."

"काका, मला कळतं हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मंजुरी एका खेपेची आहे. आणि यादी पण एकच आहे. ती मी फाडू का मधोमध?"

साहेब व्हरांड्यात आले. "काय झालं?"

"ही गाडी अशी भरलेली मी उतारावर नेणार नाही, साहेब. अर्धी भरा, आत्ता निघतो."

"म्हणजे तुम्ही नकार देताय."

"अर्ध्याला हो म्हणतोय."

"अर्धा होकार असा प्रकार नियमात नाही."

"मग तुम्ही बसा शेजारी," काका म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत कधी चढला नव्हता. "पुढची सीट मोकळी आहे. आरामशीर आहे. टायरचा आवाज पण येत नाही म्हणे. चला, आपण दोघं जाऊ. तुम्ही बसलात तर मी पूर्ण भरलेली नेतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अकराला एक मीटिंग असल्याचं आठवलं.

दुपारी मेमो मिळाला. 'आपण हलका माल वाहून नेण्यास विनाकारण नकार देऊन आज्ञाभंग केला आहे.' काकांनी स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं: 'मी माल न्यायला नाही म्हटलेलं नाही. या टायरवर एवढा माल न्यायला नाही म्हटलं आहे. मागे एक माणूस गेला आहे.' उत्तर दोन प्रतींत नाही म्हणून परत आलं. त्यांनी कार्बन घालून पुन्हा लिहिलं. या वेळी शेवटचं वाक्य जास्त जोर देऊन लिहिलं, त्यामुळे ते खालच्या प्रतीवरही स्वच्छ उमटलं. उत्तर असमाधानकारक ठरलं, आणि सव्वीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या सेवापुस्तकात लाल शाईने एक ओळ पडली.

बदली ड्रायव्हर मागवण्याचा प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. शाळा उघडल्या. डोंगरापलीकडून शिक्षकांचे फोन येत राहिले, मग येईनासे झाले. गठ्ठे गाडीतून उतरवून पुन्हा भांडारात रचले गेले.

तीन महिन्यांनी, कपाट हलवताना, भांडारपाल बाईंना कपाटामागे एक पत्र सापडलं. अभ्यासक्रम बदलला होता; जुनी पुस्तकं शाळांना पाठवू नयेत, नवी छापखान्यातून परस्पर जातील. पत्रावरची तारीख टायर निवड समितीच्या बैठकीच्या दीड महिना आधीची होती.

मग रद्दीवाला आला. स्वतःचा ट्रक आणि स्वतःचा तराजू घेऊन आला. एकेक गठ्ठा तराजूवर चढू लागला, बाई आकडे लिहू लागल्या. ओळीखाली ओळ, पानामागून पान, सगळं किलोत. प्रत्येक पानाखाली साहेब नीट वाचून सही करत होते. एका गठ्ठ्याला तराजू अर्धा किलो कमी दाखवतोय अशी त्यांना शंका आली, तेव्हा तो त्यांनी पुन्हा ठेवायला लावला.

काका भिंतीला टेकून पाहत होते. ते पुढे आले.

"साहेब, म्हणजे वजन आहे याला."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं.

"काका, ही रद्दी आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पुस्तकांची गोष्ट वेगळी."

काकांनी बाईंच्या हातातून शेवटचं पान मागून घेतलं, बेरजेचा आकडा दोनदा वाचला आणि पान परत दिलं.

"बरोबर आहे ताई," ते म्हणाले. "माझा अंदाज एवढाच होता."

महिनाअखेरीस ते निवृत्त झाले. मेमो मागे घ्यावा, असा अर्ज त्यांनी दिला होता, दोन प्रतींत. माल आता अस्तित्वात नसल्याने त्याच्या वजनाविषयी निर्णय देता येत नाही, असं उत्तर आलं. लाल ओळ राहिली.

पिकअप अजून भांडारातच आहे. वाहायला काही उरलं नाही, म्हणून साहेब तिच्यातून बैठकांना जातात. रिकाम्या गाडीला ते टायर उत्तम चालतात, आणि आवाज अजिबात येत नाही.