काळी पाच

दुरुस्तीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. याच गुर्मीत दोन हजार तीन साली मी जे करून बसलो, ते आजही डोक्यातून जात नाही.

मंगळवार पेठेत माझं दुकान. ऑर्केस्ट्रावाल्यांचे जुने कीबोर्ड, आवाज घुमवणारं इको मशीन असलं काय काय यायचं, आणि त्यांच्या नॉबखालचे झिजलेले कंट्रोल मी बदलायचो. कुरुंदवाडचे सिद्धलिंगअप्पा बायकोचा जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन आले. सूर लावायचा नॉब फिरवला की खरखर व्हायची.

"खरखर तेवढी घालवा," अप्पा म्हणाले. "नॉब काढला तर हाय तिथंच बसवा."

"का?"

"बसवा म्हणतोय न्हवं!"

त्यांच्या बायकोला, गाणाऱ्या शिवगंगाआक्कांना, सगळा जिल्हा ओळखायचा. पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून त्या गायच्या. वय झालं की गळा खाली उतरतो, पण बासष्टाव्या वर्षीही आपली काळी पाच सुटली नाही, हे त्या भर मैफलीत ठणकावून सांगायच्या.

उघडण्याआधी मी तानपुरा दुकानातल्या पेटीशी ताडून पाहिला. नॉबचा काटा काळी पाचवर आणि सूर काळी तीनचा, म्हणजे दोन काळ्या खाली! कुणा अडाण्यानं चुकीचा बसवलाय म्हणून माझं टाळकं सरकलं. कंट्रोल नवा घातला, नॉब बरोब्बर जुळवून बसवला. अप्पांचं सांगणं गेलं उडत.

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतःच आल्या, मागे अप्पा. आक्कांनी काळी पाच लावली, डोळे मिटून सा धरला. पंचमापर्यंत पोचल्या आणि आवाज फाटला. खाकरून पुन्हा धरला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली.

"यंत्र बिघडवलंसा तुमी!"

"न्हाई आक्का." मी तोऱ्यात पेटीची पाचवी काळी दाबली. सूर तंतोतंत जुळला. "आत्ता बरोबर झालंय. आधी काळी तीन वाजत हुतं."

मी अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. नॉब चुकीचा कुणी बसवला होता ते मला तेव्हा कळलं.

"किती वर्सं?" आक्कांनी मागे न बघता विचारलं.

"आठ," अप्पा पुटपुटले. "तुझा गळा लई दुखायचा. नॉब काढून केसभर केसभर सरकवून बसवत गेलो."

"पेटीवाला? तबल्यावरचा पिराजी?"

"त्यास्नी म्हाईत हाय."

आठ वर्षं स्टेजवर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या आक्का सोडून. त्या आता कोसळतील म्हणून मी स्टूल पुढे सरकवलं. त्यांनी ते पाहिलंही नाही.

"माझ्याकडं शिकणारी पोरगी, भूमिका, म्हणालती, आक्का, तानपुरा उतरलाय," त्या सावकाश बोलल्या. "तुला कानच न्हाईत म्हणून मी तिला चारचौघांत हाकलली. पोरीनं गाणं सोडलं, ते कायमचं."

आक्का आता अप्पांकडे वळल्या.

"तुमी तवा माझ्या शेजारीच बसला हुता की."