तांब्याचे चार खिळे

लातूरचा जिल्हा झाला, तसा नव्या कचेरीत शिपाई म्हणून चिकटलेला नरसिंग एक निळी जीन्स घेऊन सरदार टेलरकडे आला.

"पाय आखूड करा, चाचा. पण खिशाच्या तांब्याच्या खिळ्यांना हात लावू नका. अमेरिकेत खाणकामगारांचे खिसे फाटायचे, म्हणून कंपनीनं शंभर वर्षांमागं ही शक्कल काढली. तुमच्यासारख्याच्या टाळक्यात असलं येत न्हाई."

सरदारचं तेच टाळकं सणकलं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, पाणी ओढायच्या कातडी मोटा नुसत्या पडून राहिल्या. त्यांचे तांब्याचे खिळे उपसून त्यानं खडी फोडणाऱ्यांच्या खिशांना ठोकले होते. त्यानं जीन्स नरसिंगच्या अंगावर भिरकावली.

"तुझ्या बापालाबी असल्याच खिळ्यांची विजार मीच शिवून दिली होती. खडीवरच मेला तो. न्हाऊ घालायला घागरभर पाणी न्हवतं, म्हणून हाय त्या कपड्यात जाळला. राख सावडताना अस्थींसंगं चार खिळे निघाले. तूच ते हितं घेऊन आलास. म्हणालास, चाचा, उद्यापासून खडीवर मी जाणार, माझ्या खिशाला ठोका."