मला रंकाळ्यात सोडायचं नाही

मी कासव बोलतोय. हळू चालतो म्हणून हळू बोलेन असं समजू नका, कोल्हापुरात वाढलोय.

अप्पांनी मला दुकानातून आणलं तेव्हा मी बिस्किटाएवढा होतो. कासव घरात असलं की बरकत येते म्हणे. बरकतीचं मला ठाऊक नाही, माझ्या वाट्याला अंधाऱ्या कोपऱ्यातली काचेची पेटी आली. ऊन कसलं ते दिसलं नाही.

पुढं माझे डोळे सुजून मिटले, पाठ मऊ पडली. अप्पा जुने पैलवान. त्यांच्या लेखी सगळ्या दुखण्यांवर औषध एकच, म्हशीचं दूध. मायेनंच ते रोज माझ्या पाण्यात धारोष्ण दूध ओतायचे. आता कासवानं दूध पिऊन काय तालमीत उतरायचं? पोट बिघडलं आणि मी खाणंच सोडलं.

शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, "घरात मेलं तर वंगाळ, अप्पा. रंकाळ्यात सोडून या." अप्पांनी बादली काढली.

सून पूर्णिमा आडवी आली. "अप्पा, बुडून मरंल की ते."

"कासव कुठं बुडतंय व्हय?"

"आजारी असलं की बुडतंय. मी दवाखान्यात न्हेते."

"बरं. रविवारपातूर बघतो. न्हाय खाल्लं तर रंकाळा."

डॉक्टरांनी सुई टोचली, दूध बंद केलं, ऊन आणि कोमट पाणी सांगितलं. पूर्णिमा रोज मला गच्चीवर न्यायची, डोळे पुसायची, समोर पाला धरायची. माझ्यानं तोंड उघडवेना. जीव घाबरा झाला होता, पण मनात म्हणायचो, मरत नाय जावा.

रविवारी अप्पा बादली घेऊन वर आले. मी टबात होतो. बादली खाली ठेवून त्यांनी स्वतःच मेथीचं पान माझ्या तोंडाशी धरलं. "खा की लेका, एकडाव." मी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि पानासकट बोट धरलं. चांगलं रक्त आलं.

पूर्णिमा धावली. अप्पांनी बोट काढलं नाही. "ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "खातंय ते." पैलवानाचे डोळे भरलेले मी माझ्या किलकिल्या डोळ्यांनी पाहिले.

पाठ अजून मऊच आहे. बरं व्हायला वर्ष लागेल म्हणतात. लागू दे, मला कसली घाई? तुमच्या घरचं कासव आजारी पडलं तर तळ्यात सोडून पुण्य कमवायला जाऊ नका. उन्हात ठेवा आणि जरा दम धरा. आम्ही इतक्यात मरत नाही.