ऊर नावाची माती

उत्तरेच्या त्या सपाट देशात वसंत दबकत येतो. धूसरधवल आकाशाखाली कुरणं हळूहळू हिरवी होतात, भूर्जवृक्षांच्या रुपेरी खोडांवर ऊन रेंगाळतं, आणि दुपार झाली तरी पहाट सरलीच नाही असं वाटत राहतं. हॉलंडच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात, अशाच एका स्वप्नमंथर दुपारी, वैजयंती एका फुलकुंडीसमोर उभी होती. तिला रडू आवरत नव्हतं.

कुंडीत माती होती. आप्पांची, तिच्या वडिलांची माती. कोकणातल्या रेडीच्या घरामागची, लोहगर्भ, कुंकुमवर्णी माती, मामेभावाने सामानातून जपून आणलेली. घरची रीत होती: लेकराला पाचवा महिना लागला की त्याला पहिल्यांदा आपल्या भुईवर बसवायचं आणि धरणीला विनवायचं, याला सांभाळ. तोवर छोट्या जाईला जमिनीचा स्पर्शही झाला नव्हता. मांडीवरून पाळण्यात, पाळण्यातून मांडीवर.

आज तो दिवस. आणि सकाळीच सासूने, हेंड्रिकाने, पुडी उघडून पाहिली. माती! माणूस मातीचं दुसरं काय करणार? तिने ती काळ्या खतात कालवली, उन्हाळी फुलांचे कंद लावले, वर झारीभर पाणी घातलं. सुनेला आनंद होईल म्हणून केलं बिचारीने. करायला गेली गणपती, झाला मारुती.

‘‘आता परक्या भुईवर बसवू तिला?’’ वैजयंती हुंदक्यातून सासूच्या भाषेत म्हणाली. ‘‘ही भुई तिला आपली म्हणेल? ना इथली ना तिथली, अधांतरी वाढेल माझी लेक.’’

हेंड्रिका थोराड हाडाची, अल्पाक्षरी बाई. तिचा चेहरा उतरला. तिने खतात माखलेले आपले हात झारीखाली धुतले. मग म्हणाली, ‘‘मुलीला घे. चल.’’

कुरणापलीकडे ओढा होता. मंद, निद्रालस, नीलश्याम. पण त्याचा काठ तांबडा होता! गवताच्या मुळांतून गेरूसारखी ओल पाझरत होती. पाण्यावर ताम्रवर्णी साय धरली होती. चिखल असा लाल, की वैजयंती चालता चालता थबकली.

‘‘ऊर,’’ हेंड्रिका म्हणाली. ‘‘लोखंडाची माती. माझे आजोबा हीच खणायचे. गाड्या भरभरून भट्टीला जायची.’’

मराठीतल्या उराशी या शब्दाचं नातं नाही, उगाच जोडू नये. पण त्याचं स्वतःचं गोत मोठं आहे म्हणतात. उत्तर समुद्राभोवती त्याचे भाऊबंद पांगलेले: कुठे तो ओली खडी, कुठे नुसती भूमी, कुठे खाणीतला कच्चा धातू. सगळे एकाच आईचे का, हे जाणकारही छातीठोक सांगत नाहीत. त्या जुन्या, धुकेवेल्हाळ काळात माणसांनी माती आणि धातू वेगळे मानलेच नसतील. पायाखाली असते ती माती. तिलाच आग लागली की नांगराचा फाळ.

वैजयंतीने वाकून चिमूटभर चिखल उचलला, हुंगला. ओल्या लोखंडाचा वास. खाणीवरून परतलेल्या आप्पांच्या सदऱ्याचा वास. तिचे डोळे पुन्हा भरून आले, पण आता राग नव्हता.

तिने जाईला अलगद खाली टेकवलं.

‘‘बाय गे, हिका सांभाळ,’’ ती मालवणीत पुटपुटली. ‘‘तुज्याच पोटची समज.’’

एक अक्षर न कळता हेंड्रिका चांगल्या झग्यानिशी चिखलात गुडघे टेकून बसली, आणि आपल्या गावच्या बोलीत काहीतरी हळूच बोलली. काय ते वैजयंतीने विचारलं नाही. वारा थांबला होता. ओढा वाहत होता, की नुसताच उजळत होता, कोण जाणे.

मग वैजयंतीने लेकीला उचललं, आणि जाईने असा टाहो फोडला की भूर्जांवरचे पक्षी उडाले. ती अंग टाकत होती. खाली, खाली, भुईकडे झेपावत होती. हसावं की रडावं ते आईला कळेना. तिने तिला हातांचा आधार देत पुन्हा खाली बसवलं.

जाई गप्प झाली. दोन्ही मुठी लाल चिखलात बुडवून, डोळे मिटून, निवांत, ती बसून राहिली.